बसून विचारलेला प्रश्न

दवाखान्यात सगळे तिला ताई म्हणत. वजन, ताप, रक्तदाब बघायचा आणि माणसाला डॉक्टरांकडे पाठवायचं, एवढंच काम ती एकवीस वर्षं करत होती. हाताला असा झपाटा की रांग कधी दाराबाहेर गेली नाही. मग फॉर्मवर एक नवा प्रश्न आला: जीव द्यावासा वाटतो का? हे भलतंसलतं माणसाला तोंडावर कसं विचारायचं? दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता ती म्हणे, “तसलं काही मनात येत नाही ना?” माणूस म्हणे, “छे!” ‘नाही’वर खूण करून ताई मोकळी.

पाठदुखीसाठी एक शिंपी यायचा. बायको गेल्यापासून वाळून निम्मा झाला होता. त्यालाही तिने तसंच विचारलं. तो जरा थांबला, तिच्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, “नाही.” पाचव्या दिवशी त्याने जीव दिला.

त्याची मुलगी कागद न्यायला आली. “बाबांना इथे कुणी विचारलं होतं का हो?”

“विचारलं होतं,” ताई म्हणाली. तेवढ्यावर सुटता आलं असतं, पण तिला राहवेना. “नाही म्हणावं असंच विचारलं गं. घाईत होते मी.”

मुलीने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. ती कागद घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ताई दार लोटून, स्टूल ओढून समोर बसू लागली. सरळ विचारायची आणि गप्प राहायची. रांग दाराबाहेर गेली. डॉक्टर करवादले, “ताई, गप्पा मारायला बसलात का?”

“हो,” ती म्हणाली.

खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या शाळेतल्या एका बाईंनी त्या प्रश्नावर बराच वेळ स्वतःच्या चपला निरखल्या. मग म्हणाल्या, “रोज वाटतं.”

ताईने स्टूल आणखी पुढे ओढलं. “कसं, कधी, तेही ठरवलंय?”

बाईंनी मान डोलावली. ताईने त्यांना क्षणभरही एकटं सोडलं नाही. डॉक्टरांना हाक मारली, भावाला बोलावून घेतलं, मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे स्वतः सोबत गेली.

बाई वाचल्या. महिन्याने आल्या त्या धुसफुसतच. “भावाला कशाला सांगितलंत? घरात मला दारसुद्धा लावू देत नाहीत.”

“रागवा माझ्यावर,” ताई म्हणाली. “पण सोमवारी या.”

सोमवारी बाई आल्या. तासभर ताईसमोर नुसत्या बसून राहिल्या.