बदलीचा अर्ज मी परत केला

आंब्याचं पान हळदीत बुडवून मी प्रणालीच्या पायाकडं वाकले आणि वहिनीनं माझं मनगट धरलं. घट्ट.

"तुम्ही न्हाई, ताई. सवाष्णींनी लावू द्या."

मंडपात चाळीसेक बायका होत्या. सगळ्यांनी ऐकलं. पानावरची हळद माझ्या साडीवर सांडली. वहिनीनं पान काढून घेतलं आणि त्याच हातात किल्ल्यांचा जुडगा दिला.

"सामानाच्या खोलीत बसा. तुमच्याशिवाय भरवसा कुणाचा?"

मागून तिची मावशी म्हणाली, "एकल्या बाईचं लई बरं असतंय बगा. ना नवरा, ना सासू. कुठंबी बसवा." बायका हसल्या.

प्रणाली ही माझ्या मोठ्या भावाची मुलगी. अकरावी-बारावीची दोन वर्षं ती क्लाससाठी लातूरला माझ्या घरी राहिली. तिला डेंग्यू झाला तेव्हा याच पायांना मी रोज तेल चोळलं. तेव्हा माझा हात चालला. आता ती पाटावर मान खाली घालून बसली होती. आत्या, थांब, एवढंही म्हणाली नाही.

आमचं घर बौद्ध. छप्पन साली आज्यानं घरातले देव गोदावरीत सोडले. सवाष्णी तेवढ्या सोडायच्या राहिल्या. दादा नांदेडच्या एका शाळेत मास्तर आहे. जयंतीला स्टेजवर उभा राहून समतेवर तासभर बोलतो, लोक टाळ्या वाजवतात. त्या वेळी तो चार पावलांवर होता, आचाऱ्याशी बोलत. त्यानं पाहिलं आणि पाठ फिरवली.

मी किल्ल्या घेतल्या. हे लिहिताना त्याचीच लाज वाटते. हातातून पान हिसकावलं तरी मी निमूट किल्ल्या घेतल्या, कारण सवय होती. घरातलं हे नववं लग्न. नऊही लग्नांत मी सामानाच्या खोलीत होते. नऊपैकी एकाही लग्नात पहिल्या पंगतीला जेवले नाही.

माझं वय सत्तेचाळीस. लातूरच्या एका सरकारी कचेरीत आस्थापनेचं टेबल सांभाळते. इतरांच्या रजा, बदल्या, सेवापुस्तकं. कारण नीट लिहिलेलं नसलं की मी अर्ज पुढं पाठवत नाही. लोक मला खडूस म्हणतात. म्हणू देत.

खोलीत गेले तर आबा तिथंच. माझे वडील. वय एक्याऐंशी, मागच्या वर्षी खुब्याचं हाड मोडलेलं. त्यांना खुर्चीत बसवून बॅगांच्या रांगेत ठेवलं होतं. मंडपातून पावलांची ये-जा होते, धक्का लागेल म्हणून, असं कारण सांगितलं. बॅगा बत्तीस होत्या. आबा धरून तेहतीस.

पाचच मिनिटांत दादा आला. हातात टाईप केलेला कागद.

"सगळे आहेत तवर उरकून टाकू. सही कर."

विनंती बदलीचा अर्ज होता. माझ्या नावानं, माझ्या साहेबांना. लातूरहून नांदेड. मी वाचला. "मी अविवाहित असून माझ्यावर कोणतीही कौटुंबिक जबाबदारी नाही. सबब वृद्ध वडिलांच्या सेवेसाठी माझी बदली नांदेड येथे करण्यात यावी."

"मला न विचारता?" मी म्हणाले.

"विचारायचं काय त्यात? एकटी काय करून राहिलीस तिथं? एक शिटी झाली की तुझा सैपाक झाला. घर दे किरायानं. आमच्या मागं लेकरंबाळं हायत. धाकट्याला उदगीरहून येणं होत न्हाई. तू मोकळी हाईस."

मी आबांकडं पाहिलं. वाटलं, हा माणूस तरी बोलेल. मला शिकवायला यानं हमाली केली होती. ते बोललेही.

"कर माय सही. तुला कोन हाय तिथं?"

दादा म्हणाला, "वाचून ठेव, मी आलो," आणि बाहेर गेला. बाहेर हळदीची गाणी चालली होती. मी एका बॅगेवर बसले आणि स्वतःचं सेवापुस्तक आठवायला लागले. मला ते पाठ आहे.

चोवीस वर्षांची नोकरी. अर्जित रजा घेतली ती एकूण दोनशे शहाऐंशी दिवस. दोन्ही वहिन्यांची मिळून चार बाळंतपणं, एकशे बारा दिवस. आईचं शेवटचं आजारपण, सत्तर. आबांचा खुबा, पंचेचाळीस. लग्नं, घरभरण्या, दादाच्या पोराचं ॲडमिशन, पन्नास. उरले नऊ. ते माझे. गर्भाशयाची गाठ काढली तेव्हाचे. त्या नऊ दिवसांत कुणी आलं नाही. दादाचा एक फोन आला होता. "डब्याची सोय हाय ना?" एवढंच विचारलं. सोय होती. कचेरीतली शिपाईबाई डबा आणायची.

दोनशे सत्त्याहत्तर दिवस मी कुटुंबाची होते. हळदीच्या पाटापाशी कुटुंबाची नव्हते. अर्जात तर मला कुटुंबच नव्हतं. मग हे खुर्चीत बसलेले वडील कुणाचे?

असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी काय केलं असतं? चोवीस वर्षं करते तेच. पर्समधून लाल पेन काढला. समासात लिहिलं, "दोन विधाने परस्परविरोधी. अर्ज परत." खाली सही केली आणि तारीख घातली.

आबांनी पुन्हा विचारलं, "केली का सही? तुला कोन हाय गं तिथं?"

"मी हाय, आबा."

एवढं वाक्य बोलायला मला सत्तेचाळीस वर्षं लागली.

मी आबांना वॉकर दिला, धरून मंडपात आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. मग सरळ पाटाजवळ गेले. किल्ल्यांचा जुडगा वहिनीच्या हातात ठेवला. कागद दादाच्या.

दादानं लाल अक्षरं वाचली. "हा काय माज?"

"आबांना आपण तीन लेकरं," मी म्हणाले. "वर्षाचे महिने बारा. चार तुझे, चार धाकट्याचे, चार माझे. माझे आधी धर, एक जूनपासून. लातूरला, माझ्या घरी. बदली मागणार न्हाई."

"बाप वाटून घेतीस? चार लोकांत?"

"माझं मनगट पण चार लोकांतच धरलं. तवा तू कुठं होतास?"

मावशी पुटपुटली, "एकलं राहून डोकं फिरलंय बाईचं."

तिला इथं लिहून सांगते. मावशी, डोकं जागेवर आहे. तुम्ही म्हणालात, एकल्या बाईचं बरं असतंय. खरं आहे. तुम्ही चेष्टेत म्हणालात, मी खरं सांगते. मला बघायला एकोणीस घरं आली. एकोणिसाव्यानं नोकरी सोडशील का विचारलं, त्याला मी चहा संपवून जायला सांगितलं. त्यानंतर माझं कधीच बिघडलं नाही. मी संध्याकाळी साडेसहाला घरी पोचते आणि कुठं होतीस असं कुणी विचारत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर मी वरून घेते. वहिनीच्या स्वयंपाकघरात गॅसच्या वर भिंतीला वरणाचा डाग आहे. दादानं ताट फेकलं होतं त्याचा. दोनदा रंग दिला तरी तो वर येतो. तो डाग आणि कुंकू, दोन्ही वहिनी रोज बघते, आणि ज्या बाईच्या भिंती स्वच्छ आहेत तिचं मनगट धरते. माझ्या घरात दोन खोल्या, चार-चार मिळून आठ भिंती. एकीवरही डाग नाही.

हे फायदे मला कुणी दान दिलेले नाहीत. मोकळी आहे म्हणजे रिकामी आहे, असं धरून तुम्ही माझे दिवस उचलत गेलात. आता उचलायचे नाहीत.

हळद न लावता मी निघाले. लावू दिली असती तरी लावली नसती.

एक जूनला मी आबांना लातूरला आणलं. आज एकाहत्तरावा दिवस. दिवसा त्यांच्याजवळ बसायला बाई ठेवली आहे, सकाळ-संध्याकाळ मी करते. आंघोळ, गोळ्या, व्यायाम. कुठं कसूर नाही. आबा रोज एकदा विचारतात, "दादा कदी येनार?" मी तारीख सांगते. दादाचा फोन नाही. वहिनीनं धाकट्याकडून निरोप पाठवला, "राहू द्या तिथंच. सवय झाली असंल आता."

माझे दिवस एकशे बावीस. जून तीस, जुलै एकतीस, ऑगस्ट एकतीस, सप्टेंबर तीस. एक ऑक्टोबरला सकाळी आबा, त्यांची पिशवी, गोळ्यांची चिठ्ठी आणि वॉकर घेऊन मी नांदेडला दादाच्या दारात उभी असेन. बेल वाजवीन. दार उघडलं नाही तर पायरीवर खुर्ची टाकून त्यांना बसवीन, शेजारीपाजारी बघतील तर बघू देत, आणि दार उघडेपर्यंत शेजारी उभी राहीन. उघडलं की माघारी फिरेन.

त्या दिवसासाठी रजेचा अर्ज आत्ताच दिला आहे. एक दिवस पोचवायचा आणि पुढचे दहा. दहांच्या कारणाच्या रकान्यात लिहिलंय, "स्वतःसाठी."

एकशे तेविसावा दिवस पोचवायचा. एकशे चोविसावा माझा आहे.