खुर्चीवर बसलेल्या माणसासाठी

शांतवनमामा गेल्याची बातमी ऑफिसच्या टेलेक्सवर आली. ते रजेवर राहुरीजवळच्या आपल्या गावी गेले होते आणि त्यांच्या मुलाने कंपनीला कळवलं होतं: वडील वारले, उरलेली रजा रद्द समजावी. टेलेक्सवर मीच बसतो, त्यामुळे कागद फाडून मॅनेजरकडे नेणं माझंच काम होतं. ते केलं आणि परत जागेवर येऊन बसलो. याला आता सहा आठवडे झाले.

मी दोह्याला आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. मामा कंपनीचे स्टोअरकीपर, सगळेच त्यांना मामा म्हणत. पहिल्याच दिवशी पेन्सिल मागायला गेलो तर म्हणाले, "जुनी कुठंय?" जुनीचं थोटूक दाखवल्याशिवाय ते नवी देत नसत, मॅनेजरलासुद्धा. मी म्हटलं, "अहो, मी आजच आलोय." "मग आज पेनानं लिही." नजमा वस्तीतल्या कंपनीच्या खोलीत माझी खाट नेमकी त्यांच्या खाटेशेजारी लागली आणि आमचा वाद सुरू झाला, तो शेवटपर्यंत चालला. माझे वडील नाशिकला युनियनची पत्रकं काढायचे. मी अक्षरं शिकलो ती त्या पत्रकांवर. माझ्या लेखी अमेरिका म्हणजे जगातल्या निम्म्या अन्यायाचं मूळ. मामांच्या लेखी अमेरिका म्हणजे त्यांच्या आज्याच्या हातात पाटी देणारी मिशनरी मडम. "तिनं शाळेत घेतलं नसतं तर तुझा मामा आज वेशीबाहेर असता, लीडर," ते म्हणायचे. मला ते लीडरच म्हणत.

इथे चर्च नाही. घरात शांतपणे जमलं तर कोणी विचारत नाही, पण गाजावाजा होता कामा नये, हे सगळ्यांना ठाऊक असतं. सुट्टी शुक्रवारची, म्हणून रविवारची उपासनाही शुक्रवारी. तेव्हा ती वेबरसाहेबांच्या बंगल्यात व्हायची. वेबर आमचे अमेरिकन इंजिनिअर, अगडबंब आणि मनमोकळा माणूस. पंधरा-वीस जण यायचे, बाहेर गर्दी दिसू नये म्हणून चपला दारात न सोडता हातात घेऊन आत जायचे, आणि उपासना चालवायचे मामा, कारण वयाने तेच मोठे. मी नास्तिक, पहिल्यांदा गेलो तो जेवणासाठी. प्रार्थनेच्या शेवटी मामा राज्यकर्त्यांसाठी मागणं मागत: इथले अमीर, दिल्लीतले राज्यकर्ते, अमेरिकेचे अध्यक्ष, सगळे एका दमात. देव यांना शहाणपण देवो. एवढंच.

मग अमेरिकेत निवडणुकीचं वर्ष आलं. वेबरसाहेब रजेवरून परतले ते प्रवचनांच्या कॅसेटींचा खोका घेऊन. तिकडचे धर्मोपदेशक आता उघडपणे एका पक्षामागे उभे होते, खरा ख्रिस्ती मत कुणाला देईल हे व्यासपीठावरून सांगत होते. साहेबांनी मामांना सांगितलं, येत्या शुक्रवारपासून आमच्या उमेदवाराचं नाव प्रार्थनेत घ्या. मामा म्हणाले, "नाही जमणार, साहेब."

"हे राजकारण नाही, शांतवन. हा श्रद्धेचा प्रश्न आहे."

"दुसरा उमेदवारपण चर्चला जातो ना? मग देवानं कुणाचं ऐकावं? जो खुर्चीवर बसलाय त्याच्यासाठी आपण मागतो, कारण त्याला गरज असते. ज्याला बसायचंय त्याच्यासाठी त्याचा पक्ष आहे."

साहेबांचा चेहरा पडला. खोलीवर परतताना मामांनी मला त्यांच्या गावाची गोष्ट सांगितली. एका निवडणुकीत तिथल्या पाळकाने कुठल्या चिन्हावर शिक्का मारायचा ते उपदेशातून सांगितलं. मंडळी फुटली. एकाच चर्चमध्ये दोन गट दोन वेळेला बसू लागले, आणि मामांच्या आईच्या मातीला त्यांचा सख्खा भाऊ दुसऱ्या गटातला म्हणून आला नाही. "मत कुणाला दिलं ते आज आठवतही नाही मला," ते म्हणाले. "पण भाऊ आला नाही ते आठवतं."

मी मात्र पेटलो होतो. धर्म आणि सत्ता यांची गाठ एका स्टोअरकीपरने एका वाक्यात सोडवली होती, हे लोकांना कळायला नको? ऑफिसच्या कॉपीच्या मशीनवर मी तीस पत्रकं काढली आणि नजमातल्या मराठी पोरांच्या खोल्यांत वाटली. दुसऱ्या दिवशी मामा त्यातलं एक हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"लीडर, यात माझं नाव आहे. साहेबाचं घर आहे. वार आहे, वेळ आहे. तुझं नाव कुठंय?"

मी पत्रक घ्यायला हात पुढे केला, त्यांनी दिलं नाही.

"पोलिसांना आणखी काय लागतं? उद्या कुणी तिथं आलं तर ही माणसं बसायची कुठं?"

त्या शुक्रवारी उपासना झाली नाही. आम्ही दोघं उन्हात खोल्याखोल्यांतून हिंडलो, मामा प्रत्येकाला हात जोडत होते. अठ्ठावीस पत्रकं मिळाली. दोन मिळालीच नाहीत. मग ते एकटेच वेबरसाहेबांकडे गेले आणि म्हणाले, आमच्या घरच्या पोराची चूक आहे. साहेब ओरडले नाहीत. पण बंगल्याचं दार बंद झालं. दोन महिने कोणी कुठेच जमलं नाही. ते दोन महिने मामा माझ्याशी नेहमीसारखेच बोलत होते, आणि त्याचाच मला जास्त त्रास होत होता. शेवटी मीच म्हटलं, आमच्या खोलीत जमा. शुक्रवारी सकाळी खाटा भिंतीला उभ्या करू.

तोवर निकाल लागून साहेबांचा उमेदवार अध्यक्ष झाला होता. एका शुक्रवारी दारावर टकटक झाली. बाहेर वेबरसाहेब, बूट हातात घेऊन उभे. ते सतरंजीवर कसेबसे मावले. प्रार्थनेच्या शेवटी मामांनी अमेरिकेच्या नव्या अध्यक्षाचं नाव घेतलं आणि त्याच्यासाठी शहाणपण मागितलं, अगदी जुन्या अध्यक्षासाठी मागत होते तसंच. साहेबांनी डोळे पुसले. मला संताप आला. सगळे गेल्यावर म्हटलं, "मामा, शेवटी त्यांचंच खरं केलंत."

"आता बसला ना खुर्चीवर? मग आता त्याला गरज आहे. तुला पटत नसेल तर तू आमेन म्हणू नको. मी कधी म्हणायला लावलंय?"

साहेबांच्या पक्षाचा मी आजही विरोधक आहे, आणि धर्माच्या नावावर मतं मागणाऱ्या आपल्याकडच्या सगळ्यांचाही. तरी मामांना काय राखायचं होतं ते मला उशिरा उमगलं. सगळ्यांनी मिळून बसायची ती सतरंजी त्यांना फाटू द्यायची नव्हती.

टेलेक्स आल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही जमलो. कुठे, ते लिहीत नाही. गाणी झाली, वाचन झालं, आणि राज्यकर्त्यांसाठीच्या मागण्याची जागा आली तेव्हा सगळे गप्प बसले. कुणाला शब्द नीट येत नव्हते. ते मामांच्याच तोंडी होते. वेबरसाहेब माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तू तर दर शुक्रवारी ऐकलंयस." मी उठलो. अमीर, दिल्ली, वॉशिंग्टन... एका दमात म्हणून गेलो, एकही नाव न वगळता, आणि खाली बसलो.

आमेन मी म्हटलं नाही. ते बाकीच्यांनी म्हटलं.