माळ्यावरून येणारी भांडी

धुळ्यातल्या एका भांड्यांच्या दुकानात मी बारा वर्षं काढली. देवपुरातून पूल ओलांडून रोज पायी. तुम्ही अशा दुकानात गेला असाल तर पाहिलंच असेल, माल सगळा वर माळ्यावर. एकेक भांडं घेऊन शिडीनं कोण उतरत बसणार? वरचा सोडतो, खालचा झेलतो. आमच्याकडे वर नाना, खाली मी. नाना माझ्याहून मोठे. "नीट झेल अक्का, नैतर डोकाले टोपी व्हई," म्हणायचे.

मागच्या लग्नसराईत माझ्या लक्षात आलं, भांडं सोडण्याआधी नाना मला बोलायला लावतात. "अक्का, शे का?" मी "आहे" म्हटलं की पातेलं बरोबर हातात. एकदा मुद्दाम गप्प राहिले. मान वर करून अगदी समोर उभी, आणि नाना पातेलं धरून तसेच. त्यांना मी दिसतच नव्हते.

"नाना, डोळे दाखवून घ्या," मी हळूच म्हटलं.

"माले बठ्ठं दिखस. शेठले सांगू नको, घर बसाडी देतीन."

नाही सांगितलं मी. त्यांची बायको गेलेली, घरी बोलायला भिंती. मी आपलं ठरवलं, जागा सोडायची नाही आणि बोलायचं ते जागेवरूनच.

मग पिंपळनेरची मंडळी आली, नवरीमुलीला घेऊन. पितळी हंडा हवा होता. नानांनी वर तो उचलला. तेवढ्यात मुलगी बाजूच्या फळीवरच्या डब्याबद्दल विचारायला लागली, आणि मी दोन पावलं सरकून म्हणाले, "तळाला जड आहे गं तो."

झालं. नानांनी तेवढं "आहे" ऐकलं, आणि हंडा माझ्या आवाजावर आला. मुलगी डब्यावर वाकलेली, मान उघडी. मी हात आडवा घातला. हंडा मनगटावर आपटून फरशीवर गेला.

शेठ गल्ल्यावरून उठले. "काय झालं?"

"अक्कानं ध्यान नव्हतं," वरून नाना म्हणाले.

मुलीची आई माझ्याकडेच बघत होती. मनगट सुजत चाललेलं. मी नुसतं हो म्हटलं असतं, तर नाना उद्याही वरच उभे राहिले असते.

"शेठ, नानांना दिसत नाही," मी म्हटलं. "मला ठाऊक होतं."

नाना उतरले. एकेक पायरी पायानं चाचपत, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. माझ्याजवळ थांबले.

"हात मोडना का?"

"माहीत नाही."

"हालवी देख," म्हणाले, आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.