पर्सी कॅचपोलचं प्रस्थान

पर्सी कॅचपोल रोज शेजारी बसून चहा प्यायचा. पण त्याचं घर आतून कसं होतं, त्याला मागेपुढे कुणी होतं की नव्हतं, हे शाळेतल्या सिडनी सुताराला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायचं राहूनच गेलं. शाळेचं फाटक सांभाळणाऱ्या पर्सीला पाण्याची भीती वाटते आणि निवृत्तीच्या दिवशी शिट्टीचा निरोप हवा आहे, एवढं मात्र ठाऊक होतं.

शाळा आरमाराच्या रीतीने चाले. तिथे जमिनीला डेक म्हणत, आणि फाटकाबाहेर पाव आणायला जाणंसुद्धा ‘किनाऱ्यावर जाणं’ असे. निरोप घेणाऱ्या अधिकाऱ्याची होडी दिसेनाशी होईपर्यंत शिट्टी वाजवायची, सगळ्यांनी सलामीत उभं राहायचं, हा तिथला सर्वांत मोठा मान.

“होडीतून जाणाऱ्यालाच शिट्टी,” मुख्याध्यापक लॅटिमर म्हणाले. “तुम्ही सायकलवरून जाणार.”

“मग होडीतून जातो, सर,” पर्सी म्हणाला आणि नुसत्या विचारानेच खुर्ची घट्ट धरून बसला.

त्या दिवशी अख्खी शाळा खाडीकाठी उभी राहिली. पर्सी ठेवणीतला कोट घालून, वल्ही उलटी धरून होडीत बसला. शिट्टी वाजली. होडी हलेना. खाली नुसता चिखल. भरतीची वेळ कुणीच पाहिली नव्हती. आरमारी शाळा म्हटल्यावर दुसऱ्या कुणीतरी ती पाहिली असेलच, असं प्रत्येकाला वाटलं होतं.

सलामीतले हात भरून आले. शिट्टी वाजवता वाजवता बँडमास्तर लालबुंद झाले.

“उतरा हो मिस्टर कॅचपोल!” लॅटिमर ओरडले.

“उतरलो तर शिट्टी जमेस धरणार का, सर?”

“कशी धरणार?”

“मग बसतो.”

जेवणाची घंटा झाली. होडी दिसतेय तोवर हलायची सोय नव्हती. शेवटी लॅटिमरनी आज्ञा सोडली, “सगळे, मागे वळा!”

शाळेने होडीकडे पाठ केली. होडी दिसेनाशी झाली. शिट्टी थांबली, हात खाली आले आणि मंडळी तशीच जेवायला चालू लागली.

सिडनी तेवढा मागे राहिला. दोघांचं निरोपाचं बोलणं ते हेच.

“मिळाला ना मान, लेका? उतर आता, चल जेवायला.”

“कसा येऊ? मी गेलोय ना.”

“उपाशीच गेलास की.”

“आज काय आहे?”

“मासे.”

“इकडेच आण मग. व्हिनेगर जरा जास्त घाल.”

“बरं. बटाटे?”

“थोडेच.”