अंगाऱ्याची पुडी

मुलींची झडती घ्यायला शाळेत बायका कमी पडत, म्हणून दहावीच्या परीक्षेपुरतं कौसल्याला बोलावणं येई. एरवी ती बारामतीत शिवणक्लास चालवायची. मार्चमध्ये मात्र ती पर्यवेक्षक. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत कॉप्यांचा असा सुळसुळाट होता, की फाटकातच पोरींच्या शिवणी चाचपाव्या लागत. त्या कामात तिचा हात चांगला बसला होता.

इतिहासाच्या पेपराला कऱ्हाटीच्या छकुलीच्या कमरेला पुडी लागली.

"मोरगावचा अंगारा हाय बाई," मागून तिची आजी साखरबाई म्हणाली. "न्हेऊ द्या. पोरगी लई भिती."

कौसल्यानं राखेनं माखलेली पुडी नाकाशी नेली. वास राखेचाच होता. रांग खोळंबली होती. "ठेव, पण सोडू नकोस," म्हणत तिनं छकुलीला आत घेतलं.

निम्मा पेपर झाला असेल. छकुलीनं पुडी सोडली आणि चिमूटभर अंगारा कपाळाला लावला. कौसल्या तिथंच उभी होती. कागदावर छापील ओळी दिसल्या, तसा तिनं तो उचलला. इतिहासाच्या गाइडचं पान. चौथ्या प्रश्नाचं उत्तर जसंच्या तसं.

"हे काय गं?"

छकुली पांढरीफटक पडली. "आज्जीनं बांधलंय. तिला वाचाय येत न्हाय. आईशप्पथ बाई, मी बघितलंबी न्हाय!"

तेवढ्यात मैदानात जीप थांबली. भरारी पथक. कॉपी सापडली तर पोरीला पुढच्याही परीक्षेला बसू देत नसत, आणि तोवर तिला घरचं कोण शिकू देणार? कागद खिडकीतून टाकावा, तर खाली शिपाई उभा. हातातच ठेवला, तर पथकाला दिसणारच.

कौसल्यानं छकुलीची उत्तरपत्रिका ओढली. भराभर पानं उलटली. तिसरा प्रश्न होता. त्यानंतर एकदम पाचवा. मधली जागा कोरी.

पथकातल्या बाई दारात आल्या. "हातात काय आहे?"

"अंगाऱ्याची पुडी, मॅडम. फाटकातून मीच आत येऊ दिली. उघडून बघितली नाही. चूक माझी."

"हल्ली देवळात गाइडची पानं वाटतात वाटतं?"

"तिच्या आजीनं हाताला लागलं ते पान फाडलंय, मॅडम. कॉपी करायची असती तर पोरीनं उत्तर उतरवलं नसतं? हे बघा ना, चौथा कोरा आहे."

मॅडमनी पान आणि उत्तरपत्रिका शेजारी शेजारी धरली. वर्गात कुणाचं पेन हलेना. छकुलीच्या कपाळावरची राख घामानं नाकावर उतरली होती.

"लिही गं तू," शेवटी मॅडम म्हणाल्या. पान त्यांनी पर्समध्ये टाकलं. "आणि बाई, उद्यापासून तुम्ही येऊ नका. केंद्रसंचालकांना मी सांगते."

कौसल्याला त्याचं काही वाटलं नाही. पोरगी वाचली होती.

पेपर सुटल्यावर साखरबाईनं तिला फाटकातच गाठलं. "द्येवाचा अंगारा हिसकून घेतला म्हणं! हात कसा धजला वो तुमचा?"

"गप गं आज्जी," छकुली पुटपुटली. "बाईंमुळंच बसू दिलं मला."

"पेपर कसा गेला?" कौसल्यानं विचारलं.

"सगळा लिवला. चौथा सोडून."

"नसेल येत, जाऊ दे."

"येत हुता बाई." छकुलीनं मान वर केली नाही. "त्योच समद्यात पाठ हुता. शेवटी झ्याक अक्षरात लिवायचा म्हणून जागा सोडली हुती. पर तुमी कोरा हाय म्हणून दावला. मग मी कसा लिवू?"



"चल, उद्या भूगोल हाय," साखरबाई म्हणाली आणि कनवटीची दुसरी पुडी चाचपू लागली.

"आज्जी, कशात बांधलीय?" कौसल्या जवळजवळ ओरडलीच. पिशवीतून तिनं पोलक्याचा उरलेला तुकडा काढला, म्हातारीच्या हातून पुडी घेऊन राख त्यात ओतली आणि गाठ मारली. रिकामा झालेला कागद तिनं न वाचताच फाडून टाकला.