बोडकी करवली

टक्कल पडल्याचं पुरुष सांगतो तेव्हा लोक हसतात, बाई सांगते तेव्हा गप्प होतात. मला त्या गप्प होण्याचा फार संताप यायचा. हसा की! निदान मला उलट बोलता तरी येईल.

माझ्या डोक्याला चाई लागली तेव्हा आम्ही चेन्नईत, वेस्ट मांबलमला राहत होतो. नवरा रेल्वेत होता आणि मी लष्करी गणवेशाचं कापड तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत. आधी कानामागे रुपयाएवढा गोल चट्टा पडला, मग दुसरा, मग ते चट्टे एकमेकांना जाऊन मिळाले. वर्षभरात कमरेपर्यंतच्या शेपट्याचे चार-दोन झुबके उरले आणि बाकी सगळं तुळतुळीत. मग टोप आला. चेन्नईच्या उकाड्यात टोप घालून दिवस काढणं काय असतं ते ज्याचं त्यालाच माहीत. टाळूवर पुरळ उठायचं आणि मी ऑफिसात पेन्सिलच्या टोकानं टोपाखाली हळूच खाजवायचे.

अशात माझ्या एकुलत्या एक भावाचं लग्न ठरलं. तो चेन्नईतच संगणकाच्या कंपनीत होता आणि मुलगीही इथलीच, कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला येऊन राहिलेल्या मराठी घरातली. लग्न चेन्नईला होणार होतं. भाऊ एकच आणि त्याला बहीणही एकच, तेव्हा करवली मीच. नवऱ्या मुलामागे कऱ्हा-दिवा घेऊन उभं राहायचं, हे मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ठरवून ठेवलेलं. पण साताऱ्याहून आईचा फोन आला.

"मान तुझाच आहे गं," आई म्हणाली. "फक्त केसांचं तेवढं बघ. ऐन मंगलाष्टकांत टोप सरकला तर शोभा होईल. नाहीच जमलं तर तुझ्या मावसबहिणीला उभी करू."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. मावसबहीण बिचारी चांगली होती, तिचे केसही चांगले होते. म्हणूनच तिचा राग आला.

त्या काळात वर्तमानपत्रांतून एक बातमी सारखी यायची. परदेशात शास्त्रज्ञ केसाच्या मुळातल्या पेशी काढतात, काचेच्या बशीत वाढवतात आणि परत डोक्यात सोडतात. पाच वर्षांत टक्कल इतिहासजमा होणार, असं प्रत्येक बातमीच्या शेवटी असायचंच. पुढच्या वर्षीच्या बातमीतही पाच वर्षंच. तरी मी ती शेवटपर्यंत वाचायचे. घराजवळच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये बसून आणखी शोधायचे. एके ठिकाणी वाचलं, की या पेशी बशीत भराभर वाढतात खऱ्या, पण वाढता वाढता केस कसा करायचा ते विसरून जातात. मला हसू आलं. आमच्या खात्यातही संख्या वाढली की काम विसरायची पद्धत होती.

मग कळलं, की शहरातच एक डॉक्टर असं काहीतरी करतात. मी गेले. डॉक्टर तरुण, उत्साही. कानामागून तांदळाच्या दाण्याएवढी कातडी घेऊ, तुमच्याच पेशी वाढवू आणि टोचू, शेतात बी पेरावं तसं, असं त्यांनी समजावलं.

"शेत तेच, कीड तीच," मी म्हटलं. "माझंच शरीर माझे केस खातंय. नवं बी पेरलं तर ते सोडेल का?"

"खात्री देता येणार नाही," ते म्हणाले. एवढं प्रामाणिक बोलले म्हणून मी बसून राहिले, नाहीतर उठलेच होते.

पण तपासनीसाची खोड जात नाही. आमच्याकडे नवा रंग आला की कापडाचे दोन तुकडे करायचे, एक रंगवायचा, एक तसाच ठेवायचा आणि दोन्ही एकाच उन्हात टाकायचे. दुसरा तुकडा नसेल तर पहिल्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही, हा नियम. मी डॉक्टरांना म्हटलं, "पेशी डाव्या अर्ध्या डोक्यात टोचा. उजव्यात तेवढ्याच सुया, पण नुसतं मिठाचं पाणी."

डॉक्टरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पेशंट बरं व्हायला येतात, परीक्षा घ्यायला नाही, असं काहीतरी ते पुटपुटले. नवरा शेजारी बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, हिनं लग्नाआधी मलाही असंच तपासलंय. ऐका तुम्ही." डॉक्टर हसले आणि कबूल झाले.

सुया टोचून झाल्या आणि मी वाट पाहायला लागले. रोज आरशासमोर उभं राहून बोटं फिरवायची. आणि एके सकाळी डाव्या बाजूला बोटांना काहीतरी लागलं. पांढरी, मऊ, पीचच्या सालीवर असते तशी लव. मी किंचाळले. नवरा दाढीचा फेस घेऊन धावत आला. मी त्याच्या गळ्यात पडून इतकी रडले की फेस माझ्या टाळूला लागला. त्या दिवशी आईला फोन केला आणि म्हटलं, मावसबहिणीला सांगू नकोस अजून.

खरी गंमत पुढेच आहे. जिनं उजवा अर्धा मुद्दाम राखून ठेवला होता ती मी उजवीकडे बघेचना! बोटं डावीकडे फिरवायची आणि कानाशी थांबायची. आशा माणसाला कशी आंधळी करते ते मी माझ्याच टाळूवर पाहिलं. शेवटी नवऱ्यानंच मागून हातआरसा धरला.

"उजवीकडेही आहे गं," तो हळूच म्हणाला. "तेवढीच."

होती. मिठाच्या पाण्यावर उगवलेली, तितकीच पांढरी, तितकीच मऊ. चाई अशी मधूनच स्वतःहून माघार घेते, हे मला माहीत होतं आणि मी विसरले होते. मी पलंगावर बसले. थोड्याच आठवड्यांत दोन्हीकडची लव गळून गेली, आणि जाताना उरलेले झुबकेही विरळ करून गेली.

मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. त्यांनी दोन्ही बाजू नीट पाहिल्या आणि म्हणाले, "तुम्ही उजवी बाजू ठेवली नसती, तर मी हे माझं यश म्हणून सगळ्यांना सांगितलं असतं." पुन्हा एकदा करून पाहू, असंही म्हणाले. मी नको म्हटलं. मला त्यांचा राग आला नव्हता. विज्ञानाचाही नाही. ते पेशींचं काम कधीतरी जमेल, कुणाच्या तरी डोक्यावर खरंच केस उगवतील आणि त्या दिवशी मी पेढे वाटीन. आजही तशी बातमी दिसली की चहा बाजूला ठेवून वाचते. पण तोवर माझं आयुष्य खुंटीला टांगून ठेवायला मी तयार नव्हते. दवाखान्यातून मी रडत नाही, तर चक्क ताठ मानेनं बाहेर पडले. मला कोणी फसवू शकलं नव्हतं, मी स्वतःसुद्धा नाही.

त्या रविवारी नवऱ्यानं उरलेले झुबके वस्तऱ्यानं साफ केले. सोमवारी टोप न घालता मी मांबलम स्टेशनवर उभी राहिले. गाडीत शिरले तर एका बाईनं सरकून जागा दिली आणि कौतुकानं विचारलं, "तिरुपतिया, पळनिया?" मला क्षणभर कळलंच नाही. मग लक्षात आलं, केस तिरुपतीला वाहिलेस की पळनीच्या देवळात, असं ती विचारत होती. इथे बाईचं गुळगुळीत डोकं म्हणजे नवस फेडून आलेली भाग्यवान बाई. मोट्टै म्हणतात तिला, आणि टाळूवर चंदन थापून ती खुशाल बाजारहाट करते. मी नुसती हसले. खिडकीतून वारा आला तो थेट टाळूला लागला. वर्ष-दीड वर्षानं लागला. काय सुख होतं ते!

लग्नाच्या आदल्या आठवड्यात आई आली. आम्ही दोघं सेंट्रल स्टेशनवर आणायला गेलो. आईनं डब्यातून माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि दचकून आधी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"मी आहे, आई. धडधाकट आहे," नवरा म्हणाला.

आई हसली नाही. घरी आल्यावर मात्र फुटली. "नवरा जिवंत असताना सवाष्णीनं डोकं भादरायचं? आणि तेही भावाच्या लग्नात? लोक काय म्हणतील? मी तुझ्या मावसबहिणीलाच सांगते. तू पहिल्या रांगेत बस, छान पदर घेऊन बस."

माझ्या आईला एक आत्या होती. लहानपणी विधवा झालेली, केस काढलेली. घरात लग्न निघालं की ती मागच्या खोलीत बसून लाडू वळायची आणि मंगलाष्टकं भिंतीआडून ऐकायची. ही गोष्ट आई आम्हाला सांगायची आणि दर वेळी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या दिवशी मी ती तिच्या तोंडावर मारली.

"तुझ्या आत्याला मागच्या खोलीत कोणी बसवलं? लोकांनी नाही, घरच्यांनीच ना? मग मला कोण बसवतंय, आई?"

आई उभी होती ती खाली बसली. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत. त्यानंतर लग्नापर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

लग्नाच्या सकाळी मी हिरवं लुगडं नेसले, ठसठशीत कुंकू लावलं आणि डोक्यावर पदर न घेता कार्यालयात गेले. मावसबहीण नटून तयार होती. करवली कोण ते अजून कोणीच बोललं नव्हतं. तेवढ्यात नवरीची आजी समोर आली. त्यांच्या घरातली मराठी जुन्या वळणाची आणि तमिळच्या चालीवर बोललेली. तिनं दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं आणि प्रसन्न होऊन विचारलं, "मोट्टै कोठें दिल्हीस गे? तिरुपतींत का पळनींत?"

सगळे आमच्याकडे बघत होते. पळवाट समोर उघडी होती. 'तिरुपती' एवढं म्हटलं की भागलं असतं, उलट मानच वाढला असता. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई पुढे झाली. आता ही तिरुपती म्हणणार, या खात्रीनं माझं डोकं तापलं.

"नवसबिवस काही नाही," आई म्हणाली. आवाज कापत होता, पण मोठा होता. "आजारानं केस गेले तिचे. परत येतील की नाही, माहीत नाही. माझी मुलगी आहे. आणि करवली हीच आहे."

मावसबहिणीनं कऱ्हा-दिवा माझ्या हातात दिला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आजी म्हणाली, "मग उगी कां उभ्या? मुहूर्त जातो," आणि पुढे चालू लागली.

मंगलाष्टकं सुरू झाली. मी भावामागे उभी होते आणि दिव्याची ऊब माझ्या हनुवटीला लागत होती. नवरा-नवरीवर पडणाऱ्या अक्षता माझ्यावरही पडत होत्या. डोक्यावर पडायच्या आणि घरंगळून खांद्यावर यायच्या. केसांतून अक्षता कधी जाणवल्याच नव्हत्या. इथे एकूण एक दाणा कळत होता. मला मोठ्यानं हसावंसं वाटत होतं.

माझ्या मागे आई उभी होती. तिनं माझ्या पाठीत बोट खुपसलं. "ताठ उभी राहा," ती पुटपुटली, "सगळ्यांना दिसायला पाहिजेस."