टेबलाचा रंग वाळेना

माझा धाकटा भाऊ बाटल्यांच्या कारखान्यात रात्रपाळी करतो आणि भावजय इस्पितळाच्या धुलाईखान्यात दिवसभर चादरींना इस्त्री करते. त्याला मी घुबड म्हणते, तिला चिमणी. ती दोघं वरच्या खोलीत, मी खाली. सकाळी ती जिना उतरते, थोड्या वेळानं तो चढतो. सुट्ट्याही वेगवेगळ्या वारी. पलंग एकच, तो कधी गार होत नाही. संसार म्हणाल, तर तो पलंगाशेजारच्या टेबलावर चालतो.

म्हणजे असं की लायटर आडवा दिसला, तर गॅस संपत आलाय. गोळ्यांचं रिकामं पाकीट असेल, तर नवीन आणायचं. कप पालथा असला, की बाईसाहेब रागावल्यात. चिठ्ठी लिहायचंही त्राण दोघांत उरत नाही. ओट्यावर काही ठेवलं तर घुबडाला दिसत नाही. दार उघडलं की तो थेट पलंगाकडे जातो.

एका संध्याकाळी चिमणी माझ्या पायरीवर येऊन बसली, चपलाही न काढता.

"ताई, परवा बाजारात एकाला पाठमोरं बघून मी 'अहो' म्हटलं. वळला तर भलताच. मला यांचा चेहरा नीट आठवेना झालाय हो." हसायला गेली आणि तिला रडू आलं.

मलाही भरून आलं, पण माझी जीभ तिखट. "नवरा आहे की पाहुणा? एकानं तरी पाळी बदलून घ्या."

"दोघांनीही विचारलंय. साहेब म्हणतात, बघू."

साहेबांचं 'बघू' म्हणजे काय, ते तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

त्याच आठवड्यात घुबडानं झोपेच्या गुंगीत चहाचं तापलेलं पातेलं टेबलावर ठेवलं. काळाकुट्ट डाग पडला. दुसऱ्या दिवशी कप पालथा! मग दुपारी उठून त्यानं टेबल पॉलिश पेपरनं घासलं, डुगडुगत्या पायाला खिळा ठोकला, चिरा लांबी भरून बुजवल्या. संध्याकाळी तो कामावर गेल्यावर तिनं पिवळसर रंगाचा हात मारला.

सकाळी टेबल ओलं आणि नेमका गॅस संपत आलेला. लायटर ठेवणार कुठे? ती तो हातात घेऊन घुबड येईपर्यंत जिन्यात थांबली. मी दारातून बघत होते. आमच्या जिन्यात काही लपत नाही.

"गॅस संपत आलाय," ती म्हणाली.

"बरं."

दोघंही हलेनात. मग तो म्हणाला, "तुझे केस पिकले?"

"कधीच पिकलेत."

"मला कसे दिसले नाहीत?"

"डोळे मिटलेलेच असतात तुमचे."

तिची बस चुकली, मुकादमाची बोलणी खाल्ली. संध्याकाळी दमूनच आली, पण माझ्याकडे चपला काढून बसली.

त्यानंतर तो रंग काही वाळेना. रोज सकाळी ती काहीतरी हातात धरून जिन्यात उभी. "दुकानदारानं फसवलं बघा ताई. बोट लावलं की रंग लागतो." मीही त्या दुकानदाराच्या नावानं बोटं मोडली.

एका दुपारी गच्चीवरचे कपडे काढायला निघाले, तर वरच्या खोलीचं दार उघडं. घुबड पलंगाच्या कडेवर बसलेलं, डोळे तांबारलेले, हातात ब्रश.

"मेल्या, झोपायचं सोडून हे काय? वाळला नाही का अजून?"

"वाळतो गं. रोजच वाळतो." त्यानं मान वर केली नाही. "वस्तू ठेवायला जागा झाली, की ती जिन्यात न थांबता निघून जाईल. तिचंही काही चुकत नाही, दमलेली असते. तिला सांगू नकोस."

डब्याच्या तळाशी ब्रश खरवडत होता. मला त्याचा राग आला, साहेबांचा आला, सगळ्याचाच आला. तणतणत खाली गेले आणि माझ्या दाराला लावून उरलेला रंग आणून त्याच्यापुढे आदळला.

"हिरवा आहे."

"चालेल," तो म्हणाला.

संध्याकाळी चिमणी वर गेली. आता ओरडेल म्हणून मी कान देऊन बसले, पण वरून काहीच आवाज आला नाही. सकाळी ती रोजच्यापेक्षा लवकर जिन्यात येऊन उभी राहिली. हातात काहीच नव्हतं.